दोन मोटर म्हणजे दुप्पट वीज? साफ चूक

विजेवरच्या गाड्यांबद्दल सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: ‘ड्युअल मोटरच्या नादी लागू नका. दोन मोटर बॅटरी दुप्पट खातात. मधे शाफ्ट नाही, म्हणजे ती खरी फोर बाय फोरच नाही. आणि ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर एका मोटरवरही तेच काम भागतं.’ ड्युअल मोटर म्हणजे पुढच्या चाकांना एक आणि मागच्या चाकांना एक मोटर. लोक अशा चार ओळींवर लाखो रुपयांची गाडी ठरवतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी विजेचं बघू. गाडीला किती ताकद लागणार ते वजन, वेग, वारा आणि टायर ठरवतात. ती एका मोटरने लावली काय नि दोघींनी वाटून घेतली काय! टाटाच्या हॅरियर ईव्हीचंच घ्या. ७५ किलोवॅट-तासांच्या त्याच बॅटरीवर एका मोटरच्या गाडीची प्रमाणित रेंज (एका चार्जवर कापायचं अंतर, चाचणीत मोजलेलं) ६२७ किलोमीटर, दोन मोटरवालीची ६२२. रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात, पण दुप्पट खर्च कुठे दिसतोय? वजन थोडं वाढतं, तेवढा फटका बसतो.

खरी अडचण वेगळीच आहे. कायमस्वरूपी चुंबक बसवलेली मोटर वीज न देता नुसती फिरवली तरी फिरण्याला विरोध करते, म्हणजे गाडीला मागे खेचते. त्यावरही तोड निघाली आहे. टेस्लाने मॉडेल ३ मध्ये पुढे इंडक्शन मोटर बसवली. तिच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, चुंबकच नसतो, वीज तोडली की ती जवळपास मोकळी फिरते. कियाच्या ईव्ही६ मध्ये तर गरज नसताना पुढची मोटर चाकांपासून सुटीच होते.

शाफ्टचं काम एका इंजिनची ताकद दोन्ही अॅक्सलना, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोड्यांना, पोचवणं. इथे प्रत्येक अॅक्सलला स्वतःची मोटर आहे, मग शाफ्ट हवा कशाला? चाक घसरू लागलं की मोटरची वीज सांभाळणारा इन्व्हर्टर काही मिलिसेकंदांत जोर कमी करतो. एक गोष्ट मात्र मान्य: शाफ्टवाल्या फोर बाय फोरमध्ये लॉक केलेल्या ट्रान्स्फर केसमधून (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या गिअरपेटीतून) इंजिनचा सगळा जोर पकड असलेल्या अॅक्सलला मिळू शकतो, इथे मागच्या चाकांना मागच्या मोटरपुरताच मिळतो. मोठमोठ्या दगडांवर चढताना हा फरक जाणवेल, घाटातल्या ओल्या डांबरावर नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल घसरणाऱ्या चाकाचा जोर काढून घेतं, फार तर शेजारच्या चाकाकडे वळवतं. मागची दोन्ही चाकं चिखलात रुतली आणि पुढे मोटरच नसली, तर पुढची चाकं ओढणार कशी?

ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, ते मात्र दोन मोटरने सुधारत नाही. ते टायरवर आहे; गुळगुळीत झाले असतील तर पावसाळ्याआधी बदलून घ्या.