डिझेलचा डबा आणि जिप्सीचं इंजिन: निपाणीच्या काकांना उत्तर

काका, प्रतिक्रियेत तुम्ही नाव घातलेलं नाही. पण पेट्रोल जीपच्या जमान्यातल्या गोष्टी सांगताय म्हणून काका म्हणतो, चालेल ना?

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की प्लास्टिकच्या कॅनमधून पेट्रोल नेऊ नका आणि जिप्सीत कॉमन-रेल (संगणकाच्या ताब्यातलं, फार जास्त दाबाने इंधन फवारणारं) डिझेल इंजिन बसवायच्या आधी चारदा विचार करा. त्यावर काकांचं म्हणणं असं: "माझे वडील जन्मभर ट्रॅक्टरला डबड्यातून डिझेल ओतत आले, कधी काय झालं नाही. पुतण्याच्या जिप्सीत स्विफ्टचं डिझेल इंजिन आहे, चोर्ला घाट हसत चढतंय. घरात बसून बेळगावच्या मिस्त्रींना अक्कल शिकवू नका."

मिस्त्रींचं आधी घेतो, कारण ते मला लागलं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकचे सुटे भाग मायक्रॉनच्या मापात होतात, तिथल्या लेथवाल्याला मी काय शिकवणार? माझी तक्रार गिऱ्हाइकाबद्दल आहे. इंजिन आणायला पैसे असतात, ते जोडायच्या कामाला नसतात.

आता वडिलांचा डबा. ते ओतत होते डिझेल. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ सुटते ते तापमान, 35 अंशांच्या वर असतो, पेट्रोलचा उणे 40 च्या आसपास. म्हणजे पेट्रोल डिसेंबरच्या पहाटेसुद्धा वाफ सोडतच असतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरपटत जाते, तापलेल्या सायलेन्सरकडे किंवा कुणाच्या तरी बिडीकडे. तेव्हा डिझेलच्या डब्याचा अनुभव पेट्रोलला लावू नका.

कायदाही हा फरक धरूनच आहे. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना जवळ ठेवता येतं, पण धातूच्या डब्यात, आणि एका डब्यात 25 लिटरपेक्षा जास्त नको. डिझेलला बरीच जास्त सूट आहे. महाराष्ट्रातल्या कागलकडची मंडळी इंधन स्वस्त पडेल तेव्हा सीमा ओलांडून कर्नाटकात, कोगनोळीच्या अलीकडे येऊन 20 लिटरचे दोन कॅन भरून नेतात. त्यात पेट्रोल असेल तर 40 लिटर होतं, म्हणजे हिशेब तिथंच चुकला.

लोखंडी जेरीकॅनची मी एवढी तरफदारी का करतो? 1930 च्या दशकात जर्मन सैन्यासाठी तो बनला आणि त्यात सुधारायला फारसं काही उरलं नाही. अंगावरचा फुलीसारखा ठसा पत्र्याला ताकद देतो आणि आतलं इंधन फुगलं तर पत्र्याला हलायला वाव देतो. मुठी तीन आहेत, त्यामुळे भरलेला कॅन दोघांना धरता येतो आणि रिकामे दोन-दोन एका हातात मावतात. तोंडाच्या आत हवेची बारीक नळी असते, म्हणून धार गुडगुडत नाही. साध्या कॅनला ती नळी नसते. तो सरळ उपडा केलात की आत हवा शिरायला वाटच राहत नाही, कॅन हिसके देतो आणि पेट्रोल मनगटावर येतं. तसा कॅन आडवा धरायचा, तोंड वरच्या कडेला ठेवून. वरून हवा आत जाते, खालून इंधन शांतपणे उतरतं. पंपावर भरताना कॅन गाडीतल्या रबरी मॅटवर न ठेवता जमिनीवर ठेवायचा, नोझल तोंडाला टेकवून, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. काठोकाठ भरायचा नाही. 20 अंश तापमान वाढलं तर 20 लिटर पेट्रोल साधारण चारशे मिली फुगतं. आणि नळी तोंडाने ओढून इंधन काढणं तर सोडाच. घोटभर फुप्फुसात गेलं तर थेट दवाखाना.

इंजिनाबद्दल. जुन्या पेट्रोल जीपमध्ये महिंद्राचंच प्यूजो किंवा डीआय डिझेल बसवायची आपल्याकडची रीत जुनी आहे, त्याला माझा कधीच विरोध नव्हता. घराणं एकच, पंप मेकॅनिकल, वायरिंग नावापुरतं. पुतण्याच्या जिप्सीची गोष्ट वेगळी आहे. तिचं मूळ 1.3 पेट्रोल इंजिन 103 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) देतं. स्विफ्टचं 1248 सीसी डिझेल देतं 190, तेही 2000 आरपीएमलाच. जवळजवळ दुप्पट जोर त्याच गिअरबॉक्सवर, त्याच ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) आणि प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातल्या त्याच क्रॉसवर पडतो. शिवाय स्विफ्टमध्ये ते आडवं बसतं, जिप्सीत उभं बसवावं लागतं. मग इंजिनाखालची ऑइलची चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलला अडते, ती कापून नव्याने करावी लागते. पुढचे पाटे (स्प्रिंगा) दबून जातात. आणि स्विफ्टच्या मूळ चावीतली चिप ईसीएमला (इंजिनाच्या संगणकाला) ओळखता आली नाही तर इंजिन सुरूच होत नाही.

सगळ्यात नाजूक जागा आहे अडॅप्टर प्लेट, म्हणजे परक्या इंजिनाला जुना गिअरबॉक्स जोडणारी मधली प्लेट. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत हवेत. बेल हाऊसिंग (क्लचवरचं कवच) बसवल्यावर फ्लायव्हीलला डायल गेज (बारीक फरक दाखवणारं मापयंत्र) लावून क्रँक हाताने फिरवायचा आणि सुई हाऊसिंगच्या भोकाच्या कडेवर फिरू द्यायची. पूर्ण फेरीत पाव मिलिमीटरच्या वर फिरली तर ते काम परत लेथवर. हे कुणी करत नाही असं नाही, पण "आज संध्याकाळी गाडी पाहिजे" म्हणून मिस्त्रीच्या मानेवर बसलेलं गिऱ्हाईक ते करू देत नाही. गाडी सुरू होते, घाट चढते, फोटो निघतात. त्रास पुढे सुरू होतो. पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकाला इनपुट शाफ्टला आधार देणारं) ओरडतं, क्लच थरथरतो, गिअर अडून पडतात. त्यामुळे घाट चढला म्हणून जोडणी बरोबर आहे असं मला पटत नाही.

कागदाचं दोन ओळींत. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा विषय आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय. नंबर केए-22 (बेळगाव) असो की केए-23 (चिकोडी), अपघात झाला तर विमावाला आधी इंजिन नंबर बघणार.

आणि आता तुमच्याच प्रतिक्रियेतली शेवटची ओळ, जिच्याकडे बाकी कुणी लक्ष दिलं नाही: "पुतण्याच्या जिप्सीलाही आम्ही वडिलांच्याच डब्यातून डिझेल भरतो." काका, मला काळजी आहे ती इथं. ट्रॅक्टरचा मेकॅनिकल पंप थोडा गंज, थोडं पाणी पचवून घेतो. कॉमन-रेलमध्ये डिझेल हजार बारच्या वर दाबलं जातं, इंजेक्टरची भोकं केसाइतकी बारीक. जुन्या पत्र्याच्या डब्याला आतून घाम, म्हणजे दवासारखं पाणी, धरतो, खानापूरकडच्या पावसाळ्यात तर जास्तच. तो घाम आणि गंज सरळ टाकीत जातो. कॅन आणि इंजिन एकाच लेखात मी घेतले ते याचसाठी.

तर पाऊस सुरू व्हायच्या आत एवढं करा. पुतण्याला सांगून डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करायला लावा आणि निघेल ते काचेच्या बरणीत धरा. अर्धा तास तसंच ठेवा. तळाला पाण्याचा वेगळा थर किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकी उतरवून धुवा, फिल्टर नवा घाला. तो डबा ट्रॅक्टरकडेच राहू द्या. बरणीत काय निघालं ते खाली लिहा, आणि जमलं तर अडॅप्टर प्लेट कुणी केली तेही विचारून सांगा.