‘कोचला कसलं आलंय टेन्शन?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

परखड लिहिलंत, बरं वाटलं. टेनिस खेळाडूंच्या आणि माझ्यासारख्या कोचच्या मानसिक ताणावर मी लिहिलेल्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दबाव झेपत नसेल तर स्पर्धा खेळूच नयेत, आमच्या वेळी मानसिक आरोग्याचे असले चोचले नव्हते, आणि कोच तर नुसता खुर्चीत बसलेला असतो, त्याला कसलं आलंय टेन्शन!

एक चूक आधी कबूल करतो. मॅचआधी पोटात गोळा येणं आणि चिंतेचा आजार यांची मी लेखात सरमिसळ केली होती. हात गार पडणं हे खेळाचाच भाग, त्याला उपचार लागत नाहीत. पण अमेरिकन टेनिसपटू मार्डी फिशला २०१२च्या यूएस ओपनमध्ये चौथ्या फेरीत फेडररशी खेळायचं होतं आणि त्याने मॅच सोडली. पाय मुरगळला नव्हता, चिंताविकाराने गाठलं होतं. आदल्याच वर्षी जगात सातव्या क्रमांकावर पोचलेल्या माणसाला ‘झेपत नव्हतं’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि ‘आमच्या वेळी’ म्हणाल, तर अमेरिकन टेनिसपटू जेनिफर कॅप्रियाती १९९०मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली. लहान वयात दमून गेलेल्या मुली बघूनच पुढे महिला टेनिसमध्ये अठराखालच्यांच्या स्पर्धांवर मर्यादा आली. त्रास तेव्हाही होता, फक्त कोणी बोलत नव्हतं.

हा खेळच मुळात विचित्र आहे. २०१९च्या विम्बल्डन फायनलमध्ये फेडररने २१८ गुण जिंकले, जोकोविचने २०४, आणि कप नेला जोकोविचने! दोन गुणांमध्ये मिळतात २५ सेकंद. तेवढ्यात मागचा गुण डोक्यातून काढायचा. दात-ओठ खाऊन हे जमत नाही, बॅकहँडच्या फटक्यासारखं शिकावं लागतं.

कोचबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. ज्या खेळाडूला कडक शब्दांत सुनवायचं, त्याच्याच हातात आपला पगार, असं हे काम. माझी एक विद्यार्थिनी तिसऱ्या सेटमध्ये ५-२ने पुढे होती. डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गेला, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी बोललो काहीच नाही, नुसती टोपी काढून परत घातली. पुढचे पाचही गेम गेले. रात्री म्हणाली, “सर, तुम्ही टोपी काढलीत ना, तेव्हाच कळलं मला, संपलं.” त्या मॅचच्या आधीचा आठवडाभर मला धड झोप नव्हती. ती हरली तर पुढच्या मोसमात माझं काम राहील का, हेच डोक्यात. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण तिला ते माझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. आता तर नियमांनी मॅच चालू असताना कोचला सूचना द्यायची मुभा दिलीय, म्हणजे खेळाडू वारंवार आमच्याकडेच बघणार.

‘मग तुम्ही करता काय?’ असं तुम्ही शेवटी विचारलंत. फार काही नाही. हरल्यावर तासभर मॅचचा विषय काढत नाही. वर्षातले माझे सुट्टीचे आठवडे करार करतानाच लिहून घेतो. दर सोमवारी एका जुन्या कोचला फोन करून मनातलं सगळं ओकतो, तेही ओकतात. झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली दिसली, तर खेळाडू असो वा मी, डॉक्टरकडे जायचं, हे ठरलेलं.

आणि हो, मॅचला टोपी घालून जात नाही. टक्कल भाजतं, पण चालायचंच.