एकवीस दिवसांच्या भाकरीचा हिशेब

आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तुमच्याकडेही येऊन गेला असेल. वर जोडलेले हात, खाली लाल दिवे, आणि मधे हे: "विदर्भाच्या मातीतलं अमृत! गहू हे विष आहे. २१ दिवस फक्त ज्वारीची भाकर खा, कितीही खा, शुगर मुळासकट जाते. गोळ्या, इन्सुलिन फेकून द्या. साखर सोडा, गूळ बिनधास्त खा. आपले आजे-पणजे हेच खात होते. लाखोळीची डाळ रोज खा, तिला मुद्दाम बदनाम केलं. किडनीवाल्यांनी रोज सकाळी कच्च्या पालेभाज्यांचा रस घ्यावा. डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत. ११ जणांना पाठवा."

असले मेसेज मी न वाचता पुसते. हा पुसता आला नाही, कारण माझ्या आधी तो सासूबाईंनी वाचला होता, आणि नुसता वाचला नव्हता.

सासूबाईंना चौदा वर्षांपासून शुगर आहे. मागच्या महिन्यात एका रात्री त्या सात वेळा उठल्या. विचारलं तर म्हणाल्या, "थंडीत होतेच तसं." सकाळी बोट टोचून पाहिलं तर मशीनवर ४१२. त्या म्हणाल्या, मशीन बिघडलं असन. दुसरी पट्टी लावली, ४०९. मग मी गोळ्यांचा डबा मागितला, तर म्हणे, "गोळ्या बंद केल्या नं व. भाकर खातो ना मी आता." बारा दिवसांच्या चोवीस गोळ्या तिखटाच्या बरणीमागे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या. मेसेजनं फेकायला सांगितल्या होत्या, पण पैशाची वस्तू फेकायला त्यांचा जीव झाला नाही.

तर आता त्या मेसेजकडे बघू. पहिलं ज्वारीचंच, कारण बाकी सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतातल्या ५२८ खाद्यपदार्थांचे तक्ते काढले. देशभरातून नमुने आणून प्रयोगशाळेत तपासलेले आकडे आहेत ते, कुणाच्या मामाच्या अनुभवाचे नाहीत. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत ६७.७ ग्रॅम कर्बोदकं आहेत आणि चक्कीवरच्या गव्हाच्या कणकेत ६४.२. म्हणजे ज्या पिष्टाची पोटात गेल्यावर साखर होते, ते ज्वारीत गव्हापेक्षा थोडं जास्तच आहे. "पण फायबर!" असं म्हणणारे असतात. ज्वारीत १०.२ ग्रॅम, कणकेत ११.४. इथेही ज्वारी पुढे नाही. विष आणि अमृत यांच्यात एवढंच अंतर आहे.

कागदावरचं नको म्हणून घरातही मोजलं. बचत गटाच्या पापडांचा वजनकाटा आमच्याकडेच असतो. सासूबाईंना म्हटलं, रोजच्यासारखं पीठ घ्या. त्यांनी परातीत पीठ घेतलं, गरम पाणी टाकलं, मळलं, आणि थापायच्या आधी मी हिशेब मांडला: एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ. वऱ्हाडी हात आहे, भाकर ताटाबाहेर यायला पाहिजे. ९० ग्रॅमला ६१ ग्रॅम कर्बोदकं. जेवणाला दोन भाकरी, म्हणजे १२२. माझी पोळी ३० ग्रॅम कणकेची, तिच्यात १९. आधी त्या चार पोळ्या खायच्या, त्याचे झाले ७७. मेसेज वाचून बाईनं विष सोडलं, अमृत धरलं, आणि प्रत्येक जेवणात दीडपटीहून जास्त पिष्ट पोटात घातलं. वरून गोळी बंद. ४१२ नाही येणार तर काय येणार?

आता ज्वारीची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ही भाकरीवर उठली. ज्वारीचं पिष्ट थोडं सावकाश पचतं असं दाखवणारे अभ्यास आहेत, ते मी नाकारत नाही. घरोघर कणीक बारीक चाळणीनं चाळून कोंडा ढोरांना घालतात, ज्वारीचं पीठ सहसा तसं चाळत नाहीत, हाही फायदा आहे. आणि भाकर एकटी येत नाही, सोबत अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, जवसाची चटणी येते. जवसात १०० ग्रॅममागे २६ ग्रॅम फायबर आहे. त्या ताटात भाकरीपेक्षा भाजी-वरणाचा वाटा मोठा असेल तर ते शुगरवाल्याचं चांगलं जेवण आहे. पण मेसेजात भाजीचं नाव नाही, वरणाचं नाही. तिथे फक्त "कितीही खा".

खाणं बदलून गोळ्या सुटतात हे खोटं का? सगळं खोटं नाही, आणि हेच मला जास्त झोंबतं, कारण असल्या अर्ध्या खऱ्यावरच हे मेसेज चालतात. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला. २०१७ मध्ये छापून आलेल्या त्याच्या निकालात जवळपास निम्म्या लोकांची शुगर वर्षाअखेर गोळीशिवाय ताब्यात होती. पण त्यांनी तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर काढले होते. सासूबाईंच्या अडीच-तीन भाकरींतच तेवढ्या संपतात. त्या लोकांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता, इन्सुलिन घेणारे त्यात घेतलेच नव्हते, आणि गोळ्या डॉक्टरांच्या नजरेखाली थांबवल्या होत्या. तिखटाच्या बरणीमागे नाही.

इन्सुलिन फेकून द्या, हे ज्यानं लिहिलं त्याला मी माझ्या मावसभावाच्या घरी नेऊन बसवीन. त्याचा पोरगा अकरा वर्षांचा, त्याला टाइप १ मधुमेह आहे. त्याच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. दिवसातून चार वेळा टोचून घेतो, शाळेत मास्तरांसमोर स्वतः. एवढ्याशा पोराचं इन्सुलिन बंद केलं तर रक्तात आम्ल साचत जातं आणि काही दिवसांत जिवावर बेततं. ज्वारी, बाजरी, नाचणी, काहीही घाला त्याच्या पोटात. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशा पोरांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचं, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. आणि मेसेज म्हणतो फेकून द्या.

गुळाचं आटपून घेते. त्याच तक्त्यात १०० ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम कर्बोदकं आहेत, आणि ती बहुतेक साखरच. थोडं लोह असतं, मान्य. पण लोहासाठी शुगरवाल्यानं चहात गुळाचे खडे टाकणं म्हणजे मिठासाठी समुद्र पिणं. सासूबाईंचा गुळाचा चहा दिवसातून तीन वेळा चालला होता, हे मला नंतर नातवानं सांगितलं. पाच रुपये घेऊन.

आजे-पणजे भाकर खायचे, हे खरं. ती खाऊन वखरामागे दिवसभर चालायचेही. आणि त्यांना शुगर नव्हती हे कुणी, कोणत्या मशीनवर पाहिलं होतं? चरक-सुश्रुतांनी मधुमेह लिहून ठेवलाय, तो काय पॅकेटबंद बिस्किटांमुळे?

आता गहू विष. गहू खरंच विषासारखा असलेली एक पोरगी आमच्या घरात आहे, माझ्या जावेची. नऊ वर्षांची, तिला सिलिॲक नावाचा आजार आहे. गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं तिचं आतडं आतून खराब होतं. दोन वर्षं पोट फुगायचं, वजन वाढायचं नाही, सगळे म्हणायचे जंत झाले. तिच्यासाठी ज्वारी खरोखर वरदान आहे, कारण ज्वारीत ग्लूटेन नाही. पण तिच्या आईला विचारा या वरदानाची निगा काय असते. गावातल्या चक्कीवर आधीच्यानं गहू दळला की तो जात्यात, नळीत, कापडी पिशवीत राहतो, आणि तुमच्या ज्वारीच्या पहिल्या पायलीत उतरतो. म्हणून जाऊ गुरुवारी सकाळी चक्की साफ झाल्यावर पहिला नंबर लावते, आणि तरीही सुरुवातीचं पीठ बाजूला काढून आम्हाला देते. पोळपाट वेगळा, तवा वेगळा. फोडणीतला हिंगसुद्धा बंद केला, कारण डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. हे मलाही माहीत नव्हतं. पोरीचं पोट तीन महिने बरं होईना तेव्हा डबीवरचं बारीक अक्षर वाचलं.

म्हणजे ज्यांना गहू सोडणं भाग आहे त्यांना एवढं करावं लागतं. बाकीच्यांनी कशासाठी सोडायचा? रेशनवर गहू-तांदूळ येतो, आमच्याकडे ज्वारी विकत आणावी लागते. सोयाबीन आलं तशी आमच्या शिवारातली ज्वारी गेली, आणि कुणी चार ओळी पेरलीच तर अर्धी रानडुकरांची, अर्धी पाखरांची. मजुरीवर जाणाऱ्या बाईला फुकटच्या गव्हाची भीती घालायची आणि ज्वारी विकत घ्यायला लावायची, हा कोणता परोपकार?

लाखोळीवर, म्हणजे लाखेच्या डाळीवर, मी जपून बोलते, कारण माझं माहेर भंडाऱ्याकडचं, लाखोळीच्या डाळीचे वडे खाऊनच मोठी झाले. तिच्या विक्रीवर १९६१ पासून बंदी होती, नागपूरच्या शांतीलाल कोठारींनी ती उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, आणि महाराष्ट्रात ती पुढे उठलीही. तेव्हा बदनामी वाजवीपेक्षा जास्त झाली, हे मान्य. पण "रोज खा"? तिच्यातल्या ओडॅप नावाच्या द्रव्यानं पाय कायमचे आखडतात. ते होतं, महिनोन्‌महिने जेवणात मुख्य तीच असली की. दुष्काळात तसंच झालं होतं. म्हणून तर कमी ओडॅपच्या रतन, प्रतीक अशा जाती काढाव्या लागल्या. माझी आई डाळ गरम पाण्यात भिजवायची, पाणी फेकायची, पुन्हा भिजवायची, आणि आठवड्यातून एखाद्या वेळी करायची. तिला ओडॅप हा शब्द माहीत नव्हता. पाणी फेकायचं माहीत होतं. मेसेजात ते पाणी फेकणंच नाही.

किडनीच्या रसाचं दोन वाक्यांत. आमचे चुलतसासरे आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात, आणि त्यांना पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट पोटॅशियम कमी ठेवायची, कारण खराब किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तात वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. त्यांची पालेभाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी ओतून देऊन मग फोडणीला जाते. कच्च्या रसात ते सगळं पोटॅशियम पेल्यात उतरतं.

आता आमच्याकडे काय चाललंय ते सांगते. गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांनी एक वाढवली. भाकर बंद केलेली नाही. सासूबाईंनी तसं ऐकलंही नसतं. पिठाचा गोळा काट्यावर ठेवतात, ४५ ग्रॅम, आणि म्हणतात, "हे भाकर होय का पुरी?" तरी थापतात. एका जेवणाला दोन, सोबत वाटीभर अंबाडी, वाटीभर वरण. कालची उपाशीपोटीची १६८ होती. अजून जास्तच आहे.

राहिलं त्या अकरा जणांचं. सासूबाईंनी मेसेज खरंच अकरा जणींना पाठवला होता, मोजून. मी त्यांना शेजारी बसवलं आणि एकेकीला फोन लावायला लावला. दोघींनी तो वाचलाच नव्हता. एक म्हणाली, आम्ही कधीपासूनच ज्वारी खातो, आमची शुगर गेली कुठे. एकीनं गोळी अर्धी केली होती, ती पुन्हा पूर्ण सुरू झाली. असं करत दहा जणी झाल्या. अकरावी सासूबाईंची थोरली बहीण, मोर्शीकडची. ती दोन वेळा इन्सुलिन घेते. कापूस वेचणी सुरू आहे, फोन घरी खाटेवर पडलेला असतो, आणि तीन दिवसांपासून तो कुणी उचलत नाहीये. उद्या सकाळच्या एसटीनं माझे मिस्टर तिकडे जाताहेत.