जातील कुठे?

आज एका बारशाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर खुर्च्या ओढून बसलो आणि विषय निघाला राजकारणाचा, निघणारच, 2027 ची विधानसभा तोंडावर आलीय. कोणीतरी गोवा सुरक्षा मंच या 2017 ला लढलेल्या छोट्या पक्षाचं नाव काढलं आणि आमच्यातलाच एकजण हसत म्हणाला, "ते? अरे त्यांची सगळी मतं एका कदंबा बसमध्ये मावली असती, वर दोन सीट रिकाम्या!" सगळे खो खो. दोन खुर्च्या सोडून माझे काका बसले होते, तेही हसले. त्यांना हसावं लागलं याचाच मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय. लांबलं तर लांबलं.

गोव्याबाहेरच्या मित्रांसाठी थोडक्यात. 1990 च्या सुमारास शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलं की प्राथमिक शाळेला सरकारचं अनुदान पाहिजे तर माध्यम मराठी किंवा कोकणी ठेवा. 2011 ला दिगंबर कामतांच्या काँग्रेस सरकारने ते इंग्रजीला पण खुलं केलं. तेव्हा विरोधात रस्त्यावर कोण होतं? भाजप होता, पर्रीकर होते, आणि आपण सगळे होतो, फोटो आहेत तुमच्या तुमच्या वॉलवर, खाली स्क्रोल करा. 2012 ला 21 आमदार घेऊन हेच लोक सत्तेत आले आणि चर्चच्या इंग्रजी शाळांचं अनुदान जसंच्या तसं चालू राहिलं. "अभ्यास करू, बघू, समजून घ्या." आपण समजून घेतलं. सुभाष वेलिंगकर सरांनी नाही घेतलं. संघाचे गोव्याचे प्रमुख, अर्धा गोवा भाजप ज्यांच्या हाताखाली तयार झाला ते. मातृभाषेतल्या शाळांसाठी लढणाऱ्या भाषा सुरक्षा मंचाच्या लोकांनी ऑगस्ट 2016 मध्ये अमित शहांना काळे झेंडे दाखवले आणि महिना संपता संपता सरांना पदावरून काढलं. त्यांच्यामागून शेकडो स्वयंसेवक बाहेर पडले आणि ऑक्टोबरात हा पक्ष काढला, गोवा सुरक्षा मंच.

त्या शेकड्यांत माझे काका. हाफ पँटच्या काळापासूनची शाखा. घरात बोलतात कोकणी, लिहितात मराठी (यावर खाली भांडण नको, प्लीज, आपल्याकडे अर्ध्या घरांत असंच आहे). कधी कुठलं पद मागितलं नाही, पंचायतीला पण उभे राहिले नाहीत.

आता 4 फेब्रुवारी 2017, मतदानाचा दिवस. मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष), सुरक्षा मंच आणि शिवसेना यांची युती, आमच्याकडे उमेदवार मगोचा, म्हणजे निशाणी सिंह. काका बूथपासून ठरलेल्या अंतरावर फणसाखाली टेबल टाकून बसलेले. मतदार यादीचे कागद उडू नयेत म्हणून वर चष्म्याची पेटी ठेवलेली. पलीकडे कमळाचं टेबल, तिथे ही गर्दी. आणि त्या टेबलावरची चार पोरं काकांनीच शाखेत नेलेली, त्यातल्या एकाला तर सायकलवर पुढे बसवून. लोक यायचे, काकांकडे बघून हात जोडायचे, "काका, बरे मू?" विचारायचे आणि स्लिप घ्यायला पलीकडच्या टेबलावर जायचे. सकाळभर हेच. सगळे ओळखीचे. यातले निम्मे तरी सरांच्या सभेला पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते, मी बघितलंय, मी पण तिथेच होतो. मग अकराच्या सुमाराला तो सायकलवाला मुलगा पातळभाजी, बन आणि चहा घेऊन काकांकडे आला. "काका, च्या घेयात." काकांनी घेतला. वर त्याला विचारलं, तुझं मत घालून झालं का रे, उन्हं व्हायच्या आधी घाल जा.

मला त्या मुलाचा राग नाही येत. खरंच नाही. त्याला नोकरीची गरज होती आणि चहा तरी त्याने आणला. राग येतो त्या हात जोडणाऱ्यांचा. अरे, पटत नव्हतं तर सभेला कशाला आलात? आणि पटत होतं तर स्लिप कुठून घेतलीत?

हो, माहितीय तुम्ही काय म्हणणार. एका मुद्द्यावर पक्ष चालत नाही. खाणी बंद, कॅसिनो, नोकऱ्या, यात शाळेच्या माध्यमाला कोण विचारतो. मान्य. आणि मतं मागायला गेलं की लोक विचारायचे, तुमची नातवंडं कुठल्या शाळेत जातात, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांची मान खाली जायची, हेही मान्य. सरांची पुढची सगळी वक्तव्यं मला पटलेली नाहीत, 2024 मधलं गोंयच्या सायबाबद्दलचं (सेंट फ्रान्सिस झेवियर) तर अजिबात नाही. पण 2016 चा प्रश्न साधा होता. तुम्ही शब्द दिला होता की नाही?

मोठ्या पक्षाचं गणित मला आता कळतं, आणि ते काकांच्या टेबलावर उघडं पडलं होतं. जातील कुठे? एवढंच गणित. जो बाहेरचा आहे त्याला सांभाळायचं, त्याच्या शाळेला अनुदान, त्याला तिकीट, त्याला महामंडळ. घरचा आहे त्याला समजावायचं, कारण तो रागावून रागावून किती रागावेल, शेवटी बटण कुठलं दाबणार हे ठरलेलं. मंच काय होता? "आम्ही जाऊ शकतो" एवढं सांगून बघायचा एक प्रयत्न. फुटून निघालेल्या छोट्या पक्षाचं दुसरं काय काम असतं, सरकार थोडंच बनवणार होते ते. आणि आपण काय केलं, पक्षाला दाखवून दिलं की तुमचं गणित बरोबर आहे, खरंच कुठे जात नाही आम्ही.

निकाल आठवतो ना? 11 मार्च. भाजप 21 वरून 13 वर, मुख्यमंत्री पार्सेकर स्वतः मांद्रेत पडले. सगळं मंचामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण मंचाचा एकही आला नाही, आणि काँग्रेसचे 17 येऊनही ती दिल्लीची वाट बघत बसली. मग पर्रीकर संरक्षणमंत्रीपद सोडून आले आणि 14 तारखेला शपथ. आणि सोबत कोण? मगो! ज्या सिंहाला मत द्या म्हणून काका उन्हात बसले तो सिंह तीन दिवसांत कमळाच्या बाजूला जाऊन बसला, मंत्रीपदासकट. डिसेंबरात ज्यांना मंत्रिमंडळातून काढलं होतं तेच मगोचे सुदिन ढवळीकर परत आत. काकांनी टीव्ही बंद नाही केला की काही बोलले नाहीत, काकूला म्हणाले, दोन दिवस कोणी घरी आलं तर मी झोपलोय म्हणून सांग. लोकांना तोंड काय दाखवणार, दारोदार फिरून सिंह सिंह केलेलं.

मगोचं पुढे काय झालं ते बघा. पर्रीकर 17 मार्च 2019 ला गेले आणि पंधरा दिवसांच्या आत मगोच्या तीनपैकी दोन आमदारांना मध्यरात्री भाजपने उचललं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, नाही वाटलं. त्याच वर्षी पणजीच्या पोटनिवडणुकीत सर स्वतः उभे राहिले, डिपॉझिट गेलं. निवडून आले काँग्रेसचे बाबुश मोन्सेरात, आणि दोन महिन्यांत तेही भाजपात. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध आयुष्यभर प्रचार केला ते दहा आमदारांच्या घोळक्यात सन्मानाने आत, आणि ज्याने घर बांधलं तो बाहेर.

आता तर नवीन शैक्षणिक धोरण आलंय, पाचवीपर्यंत शक्यतो मातृभाषेतून शिकवा म्हणतं. परवा एका कार्यक्रमात व्यासपीठावरून एक साहेब त्यावर पंधरा मिनिटं बोलले. वाक्यं पण तीच, 2016 च्या सभांमधली. फरक इतकाच की आता टाळ्या वाजवल्या तर कोणी पदावरून काढत नाही.

निवडणूक झाल्यावर बाहेर पडलेले बरेच स्वयंसेवक परत शाखेत गेले, तसं ठरलंच होतं. काका पण गेले, मी विचारलं तेव्हा म्हणाले, संघाशी माझं भांडण कधी होतं? मला हे पटलं नाही, आमचं यावरून वाजलं, अजून वाजतं. माझ्या मते त्यांनी जायला नको होतं. पण तो निर्णय त्यांचा, त्यांनी फणसाखाली बसून तो कमावलाय. बारशाच्या मंडपात दात काढणाऱ्यांनी त्यावर बोलू नये. कमेंटमध्ये मतांचे आकडे टाकणाऱ्यांना ब्लॉक करणार आहे, नातेवाईक असला तरी.