शाल-श्रीफळ राहू दे, अर्धा दिवस द्या

दहावीचा निकाल लागला की आमच्या हातकणंगले तालुक्यात चौकाचौकात फ्लेक्स लागतात आणि त्याच पंधरा दिवसांत सगळीकडे करिअर मार्गदर्शन शिबिरं होतात. स्पर्धा परीक्षा पास झालेले कुणीतरी साहेब येतात, तासभर चांगलं बोलतात, पोरं टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी घरात निर्णय व्हायचा तोच होतो. मार्क बरे असले तर सायन्स, मध्यम असले तर कॉमर्स नाहीतर आर्ट्स, आणि अगदीच कमी असले तर "घाला आयटीआयला". मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि मला स्पष्ट वाटतं की हे मार्गदर्शन फार उशिरा येतं. आठवीपासून यायला पाहिजे, आणि ते भाषणातून नाही तर काम करणाऱ्या माणसांकडून.

आमच्या शाळेच्या गच्चीवरून शिरोली एमआयडीसीच्या शेड दिसतात. शहरातल्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची तेव्हापासून कोल्हापूर फौंड्रीसाठी, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांसाठी, ओळखलं जातं, आज ट्रक-ट्रॅक्टरचे पार्ट इथे ओतले जातात, आणि तरी नववीच्या वर्गात विचारलं की या शेडमध्ये काय बनतं तर "लोखंडाचं काहीतरी" यापुढे उत्तर जात नाही. ज्यांचे वडील तिथेच शिफ्टला जातात त्यांनाही सांगता येत नाही, कारण बाबा घरी येऊन जेवून झोपतात, कामाचं बोलतच नाहीत. आणि तिकडे कारखानदार भेटले की म्हणतात, मॅडम, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) चालवायला माणूस मिळत नाही ओ.

दहावीच्या पुस्तकात धातुविज्ञान हा अख्खा धडा आहे, उष्णतेच्या धड्यात वितळणाचा अप्रकट उष्मा आहे. शेजारी १४०० अंशांच्या आसपास तापलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओततायत आणि आम्ही फळ्यावर आलेख काढतोय. मागच्या वर्षी आमचाच एक माजी विद्यार्थी, आता मोल्डिंगला (साचे बनवतात तिथे) सुपरवायझर आहे, एक रिजेक्ट झालेलं कास्टिंग, म्हणजे ओतलेला पार्ट, मधून कापून वर्गात घेऊन आला. आत ब्लोहोल, म्हणजे पोकळ भोक, होतं. त्याने भाषण केलंच नाही, तो तुकडा बाकावरनं फिरवला आणि विचारलं, हे भोक कुठून आलं असेल? साच्याच्या वाळूत ओल जास्त, गॅस बाहेर पडायला वाट नाही, इथपर्यंत पोरं स्वतः पोचली. मग प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. पगार हातात किती येतो, पीएफ किती कापतात, रात्रपाळीला झोप येत नाही का, भाजतं का, मुली असतात का तिथे. मुली असतात, वाळू तपासायच्या सँड लॅबमध्ये, क्वालिटीत, डिझाईनमध्ये, हे ऐकून मागच्या बाकावरची एक पोरगी जी वर्षभर बोलली नव्हती ती पहिल्यांदा बोलली. शिबिरातल्या साहेबांना हे प्रश्न कुणी विचारत नाही.

राज्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही. २०१६ पासून काही वर्षं दहावीला कल चाचणी होती. पोरांना अहवाल मिळायचा, कल "तांत्रिक", कल "गणवेशधारी सेवा". पण त्या कागदावर बोलायला कुणी नसायचं आणि तांत्रिक म्हणजे नक्की काय करायचं ते पोराने कधी डोळ्याने बघितलेलं नसायचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांसोबत शिकायचं म्हटलंय. कल्पना उत्तम आहे, फक्त ते दहा दिवस चित्रकला आणि खेळात संपून जाऊ नयेत.

आणि हे आपल्याकडे नवीन अजिबात नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम सुरू केला, त्यातून मूलभूत तंत्रज्ञानाचा जो कार्यक्रम शाळांत गेला त्यात आठवी ते दहावीची पोरं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती असलं खरं काम करतात आणि शिकवायला गावातलीच कामं येणारी माणसं असतात. इंग्लंडमध्येही २०१४ ला गॅट्सबी या संस्थेचे शाळेतल्या करिअर मार्गदर्शनासाठीचे आठ निकष आले, त्यातला एक असा की प्रत्येक मुलाची दरवर्षी निदान एकदा तरी नोकरी देणाऱ्या किंवा काम करणाऱ्या माणसाशी नीट गाठ पडली पाहिजे. दरवर्षी, फक्त दहावीला नाही, आणि मला त्यातला हाच शब्द महत्त्वाचा वाटतो.

पालक सभेत एका वडिलांनी मला विचारलं, "मी फौंड्रीत राबलो, आता पोरगं पण तिथंच घालू म्हणताय व्हय?" त्यांचा राग मला पूर्ण कळतो. गरिबाच्या पोरांना कारखान्याकडे आणि पैसेवाल्यांच्या पोरांना कॉलेजकडे वळवायचं असेल तर असली करिअरची चर्चा न केलेली बरी. म्हणूनच वर्गात फक्त फौंड्रीवाले नकोत, लॅब टेक्निशियन, नर्स, बँकवाले, दूध संघातले, वकील, ट्रान्सपोर्टवाले सगळे पाहिजेत. पण आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड करून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, अप्रेंटिसला स्टायपेंड कायद्याने मिळतो, हे त्या वडिलांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. हे माहीत असून पोरगं नको म्हणालं तर तो त्याचा निर्णय, माहीतच नसणं हा निर्णय नव्हे.

कारखानदारांना माझी विनंती आहे. तुम्ही शाळेला बेंच देता, पाण्याचा फिल्टर देता, त्याबद्दल आभारच आहेत. पण वर्षातून दोनदा तुमचा एक माणूस अर्ध्या दिवसासाठी द्या, मालकांनी येऊन शाल-श्रीफळ घ्यायची गरज नाही, शॉप फ्लोअरवरचा माणूस द्या. आणि कारखाना बघायच्या भेटीला बसभर पोरं नकोत, पंधरा-पंधराचे गट घ्या, हेल्मेट-बूट द्या, नुसतं बघू द्या, कामाला हात लावायला लावू नका, ती शिकायला आलेली लहान पोरं आहेत.

शाळेकडून एक गोष्ट झाली पाहिजे ती म्हणजे एका शिक्षकाला यासाठी आठवड्यातले दोन तास मोकळे. निवडणुकीची कामं, ऑनलाईन माहिती भरणं हे सगळं करून वर "हे पण बघा" म्हटलं तर ते होत नाही, कुठल्याच शाळेत होणार नाही. माजी विद्यार्थ्यांची वही त्याच शिक्षकाने ठेवायची, कोण कुठे काय करतं. भेटीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर बोलणं हेही त्याच दोन तासांत, नाहीतर भेट म्हणजे सहल होते.

जूनमध्ये आठवीच्या वर्गांसाठी आम्ही सुरुवात करतोय. एक पॅटर्न मेकर (साच्यासाठी नमुना बनवणारा) आणि कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात काम करणारी एक माजी विद्यार्थिनी तयार आहेत. इलेक्ट्रिशियन, माती परीक्षण करणारं कुणी आणि सीएनसीवर काम करणारी एखादी मुलगी अजून पाहिजे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडे कुणाच्या ओळखीत असेल तर कृपया इनबॉक्स करा, वेळ त्यांच्या शिफ्टप्रमाणे लावू.