एक हिरवा ठिपका आणि परतीची मुदत
नवा कोरा लॅपटॉप, आणि काळ्या पडद्यावर कोपऱ्यातून पिवळट उजेड झिरपतोय. त्यात मधोमध एक हिरवा पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचा बारीकसा ठिपका, ठाण मांडून बसलेला! तक्रार केली की ठरलेलं उत्तर: "हे मर्यादेत बसतं." म्हणे, फुल एचडी स्क्रीनमध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात, एकाने काय बिघडतं? अहो, वाचताना नेमका तोच डोळ्यात खुपतो! आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकात सदोष पिक्सेलची वर्गवारी आहे ना, मग आपला पॅनेल कुठल्या वर्गातला ते खोक्यावर ठळक छापा की. परत करावा, तर बदली येणारा याहून वाईट निघाला तर? पुन्हा सगळा डेटा हलवा, सगळं नव्याने बसवा. या घोळात परतीची मुदत संपत आली. पैसे पूर्ण घेता, मग स्क्रीनही धड द्या!