गोड बातमी आधी कोणत्या आईला?

टेस्टच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या की नवराबायकोला वाटतं, आता आपण आईबाप होणार. वाटू द्या. खरं तर दोन बायकांना आजी आणि दोन पुरुषांना आजोबा व्हायचं असतं, आणि तुम्ही दोघं आपले मधले. म्हणून लगेच डॉक्टर शोधत बसू नका. दोन्ही घरांकडून एकेक डॉक्टर सुचवला जाईलच, आणि दोघेही 'अगदी आपल्यातले' असतील. तुम्ही आधी एवढंच ठरवा, की पहिल्यांदा सांगायचं कुणाला.

दोन्ही घरांना एकाच वेळी सांगणं सगळ्यात उत्तम. मुंबईत ते अगदी सोपं आहे. माहेर गिरगावात, सासर मुलुंडला, तुम्ही बोरिवलीत आणि सुट्टीचा वार रविवार, म्हणजे मेगाब्लॉक. फोनवर सांगू नका. 'एवढी मोठी गोष्ट फोनवर सांगतेस?' असं ऐकावं लागेल. प्रत्यक्ष जा, म्हणजे 'अशा दिवसांत लोकलने आलीस?' एवढंच ऐकावं लागेल. चर्नी रोडला उतरून आधी माहेरी गेलात तर निघताना आईकडून शपथ घ्या, की आम्ही मुलुंडला पोहोचेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही. आई शपथ पाळते. कुणालाही सांगत नाही, फक्त विहीणबाईंना अभिनंदनाचा फोन करते, कारण त्या काय परक्या आहेत? तुम्ही दादरच्या पुलावर गर्दीत अडकलेले असता, तेव्हा मुलुंडमध्ये सगळं समजलेलं असतं. दार उघडतं. सासूबाई पाण्याचे दोन पेले समोर ठेवतात, पदराने हात पुसतात आणि म्हणतात, "बसा. कळलं मला." हे तीन शब्द नीट ऐकून ठेवा. पोटातल्या बाळाच्या लग्नातसुद्धा ते पुन्हा ऐकायला मिळतील.

आधी सासरी सांगून बघायलाही हरकत नाही. मग आई काहीच बोलणार नाही. ते जास्त वाईट.

तीन महिने कुणाला सांगू नये, असंही एक शास्त्र आहे. आपोआप होणारे गर्भपात बहुतेक पहिल्या 12 आठवड्यांतच होतात, म्हणून हा सावधपणा. म्हणजे बघा, ज्या दिवसांत उलट्यांनी जीव नकोसा होतो, कुणीतरी मऊ भात करून पुढे ठेवावा असं वाटतं, नेमके तेच दिवस गुपचूप काढायचे. आणि काही वाईट घडलंच, तर तेही गुपचूप गिळून सोमवारी ऑफिसला जायचं. फार सुटसुटीत व्यवस्था आहे, जरूर पाळा. तुम्ही पाळलीत तरी गुपित राहणार नाही, हा भाग वेगळा. शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला की तुम्ही गॅलरीत पळता, हे भांड्यांना येणाऱ्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी टिपलेलं असतं. त्यांच्याकडून ते तिसऱ्या मजल्यावर जातं, तिथून भजनी मंडळात. शेवटी सोसायटीचा वॉचमन तुमच्यासाठी लिफ्टचं दार धरून उभा राहायला लागतो, तेव्हा समजा की आता फक्त आजी-आजोबाच राहिलेत.

सांगताना आठवड्यांचा हिशेब चुकूनही काढू नका. 'सातवा आठवडा चालू आहे' असं म्हणालात की सासरे चष्मा लावून भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभे राहतात. बोट एकेका रविवारावरून मागे सरकतं, पान उलटतं, आणि एका चौकोनावर थांबतं. त्या चौकोनात त्यांनीच निळ्या शाईने लिहिलेलं असतं, 'चि. बंगलोर'. पुढचा आठवडाही बंगलोर. सासरे काही बोलत नाहीत, फक्त चष्मा पुसतात. आता तुम्ही उभ्याउभ्या समजावून सांगायचं, की बाबा, डॉक्टर मोजायला सुरुवात करतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. प्रत्यक्ष गर्भ राहतो तो साधारण 2 आठवड्यांनी, तोवर हे परत आले होते. ज्या सुनेने आजवर सासऱ्यांसमोर पाळीचा 'पा' काढलेला नाही, तिच्यासाठी याहून चांगली सुरुवात कुठली? शेवटी सासूबाईच स्वयंपाकघरातून निकाल देतात: "नऊ महिने नऊ दिवस, काय मोजायचंय त्यात?" गंमत म्हणजे डॉक्टरांचे 280 दिवसही जवळपास तिथेच येऊन टेकतात.

सोनोग्राफीचा फोटो मात्र जरूर दाखवा, आणि 'कुणाला पाठवू नका' असं बजावूनच दाखवा, म्हणजे तो लवकर पोहोचेल. या टप्प्यावर गर्भ जेमतेम 1 सेंटिमीटरचा असतो. तुमचे बाबा फोटो आधी उलटा धरतील, मग आडवा, आणि मग ठामपणे सांगतील की नाक आपल्या घराण्याचं आहे. संध्याकाळपर्यंत ते नाक त्यांच्या निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर, गणपतीच्या फोटोखाली आणि गुडघेदुखीच्या उपायावर येऊन बसलेलं असेल.

अमेरिकेतल्या मावसबहिणीने केक कापला, आत गुलाबी निघाला, सगळे किंचाळले, असा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. आपणही करावं असं वाटलं तर खुशाल करा. फक्त रंग कोणता घालायचा हे केकवाल्याला कोण सांगणार, तेवढं बघा. महाराष्ट्राने 1988 मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा आला, आणि सांगणाऱ्या डॉक्टरला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आजीला कुठे मशीन लागतं म्हणा! पोट पुढे आलंय की पसरलंय, आंबट मागतेस की गोड, एवढ्यावर तिचा अहवाल तयार. शिवाय सातव्या महिन्यात डोहाळजेवण आहेच. फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलात की समोर दोन झाकलेल्या वाट्या येतात. एकीत पेढा, एकीत बर्फी. बर्फी निघाली की सगळ्या बायका मिळून 'पहिली बेटी, धनाची पेटी' म्हणतात. पेढा निघाला तर कुठलीच म्हण लागत नाही.

पाचव्या महिन्यातल्या मोठ्या सोनोग्राफीला दोन्ही आज्या येतील, आणू नका म्हटलं तरी. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीखाली दोघी शेजारी शेजारी बसतील आणि तुम्हाला आळीपाळीने पाणी पाजतील. मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, अशा कागदावर सही करताना एक डावीकडून वाचेल, एक उजवीकडून, आणि दोघी एकदम म्हणतील, "आम्हाला काय, मुलगा-मुलगी सारखेच." सोबत एकालाच आत येता येईल असं रिसेप्शनवरची मुलगी सांगते, तेव्हा तुम्ही दोन्ही आज्यांना घेऊन आत शिरा, तिची अडवायची हिंमत होत नाही. बाहेर नवरा राहतो. मांडीवर दोन पर्स, थर्मास, राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा. कुणी विचारलंच, की पेशंट कोण, तर तो म्हणतो, "आत आहेत. मी नुसता सोबत आलोय."